विश्लेषण : ‘झिरो’ची बाटली सोडली, तर प्रकृतीत काय फरक पडतो?

साखर नाही म्हणून निर्धास्तपणे प्यायली जाणारी शीतपेये आता दहा रुपयांत मिळू लागली आहेत. ती कमी केल्यावर वजन, कंबर आणि रक्तातील साखर खरोखर सुधारते का? संशोधनाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतके सरळ नाही. बरेचसे अवलंबून आहे ते त्या बाटलीच्या जागी काय येते यावर.

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की पन्नासएक किलोमीटरवर नीरा नदी लागते. पूल ओलांडला की सातारा जिल्हा आणि शिरवळ. महामार्गालगत हॉटेले, आतल्या बाजूला औद्योगिक वसाहत, पाळी सुटल्यावर टपरीपुढे लागणाऱ्या दुचाकी आणि पुढच्या खंबाटकी घाटाआधी दम खाणारे ट्रक. अशा गावात कोल्ड्रिंकचा फ्रिज हा रस्त्याचाच भाग असतो. त्या फ्रिजमध्ये आता नेहमीच्या बाटल्यांशेजारी काळ्या वेष्टनातल्या, ‘झिरो’ किंवा ‘नो शुगर’ लिहिलेल्या बाटल्याही दिसतात. वडापावसोबत, जेवणानंतर किंवा रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून त्या घेतल्या जातात. घेणाऱ्याची समजूत साधी असते : यात साखर नाही, म्हणजे यात काही नाही.

उसावर संसार चालणाऱ्या या पट्ट्यात ‘साखर’ म्हणजे कारखाना, बिल आणि पोराचे शिक्षण. ‘शुगर’ म्हणजे मात्र आजार. घरोघरी हे दोन्ही शब्द रोज उच्चारले जातात. त्यामुळे ‘शुगर नाही’ असे लिहिलेल्या बाटलीला इथे गिऱ्हाईक मिळणे नवलाचे नाही.

‘झिरो’ दहा रुपयांवर कसे आले?

काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘डाएट’ पेय ही शहरातल्या मॉलमधली, महागड्या कॅनमधली गोष्ट होती. २०२३ मध्ये रिलायन्सने ‘कॅम्पा’ हा जुना ब्रँड नव्याने बाजारात आणला आणि २०० मिलिलिटरची बाटली दहा रुपयांना विकायला सुरुवात केली. त्या स्पर्धेत २०२५ मध्ये कोकाकोला आणि पेप्सिको या दोन्ही कंपन्यांनी बिनसाखरेच्या पेयांच्या दहा रुपयांच्या छोट्या बाटल्या आणल्या. मधुमेही किंवा वजनाला जपणाऱ्या मोजक्या ग्राहकांसाठीचे पेय अशा रीतीने कॉलेजच्या मुलांच्या आणि कामगारांच्या हातात आले.

गोडवा अगदी चिमटीभर पुरतो, हे या किमतीमागचे एक साधे गणित. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असते, सुक्रालोज सुमारे ६०० पट. नेहमीच्या कोलामध्ये दर १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे दहा रुपयांच्या बाटलीत चार-पाच चमचे. ‘झिरो’मध्ये तेवढ्याच गोडीसाठी काही मिलिग्रॅम पूड पुरते.

अर्थात कृत्रिम गोडी गावाला नवी नाही. प्लास्टिकच्या नळीतली गारेगार ‘पेप्सी’ चोखत मोठ्या झालेल्या पिढ्यांनी सॅकरिनची कडवट गोडी नकळत चाखलेली आहे. फरक इतकाच की त्या ‘पेप्सी’ला कोणी आरोग्यदायी म्हटले नव्हते.

चयापचय सुधारला, हे कशावरून ओळखायचे?

‘मेटाबॉलिक हेल्थ’ हा शब्द सध्या प्रत्येक जाहिरातीत असतो, पण मोजायच्या गोष्टी पाचच आहेत. कमरेचा घेर (भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत), रक्तदाब (१३०/८५ पेक्षा कमी), उपाशीपोटीची रक्तशर्करा (१०० पेक्षा कमी), ट्रायग्लिसराइड (१५० पेक्षा कमी) आणि ‘चांगले’ समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल (पुरुषांत किमान ४०, स्त्रियांत किमान ५०). यांतल्या तीन गोष्टी बिघडल्या तर डॉक्टर त्याला ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ म्हणतात. वजनकाटा या यादीत नाही.

तो का नाही, हे पुण्याने जगाला एका छायाचित्रातून दाखवले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील प्रा. जॉन युडकिन या दोन मधुमेह संशोधकांचे ते छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात आणि यकृतात चरबी दडलेली असू शकते, हे त्या एका तुलनेने जगापुढे आले. ‘मी काय जाडा आहे?’ म्हणून निर्धास्त असलेल्या तरुण कामगाराला हे लागू पडते. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही हेच सांगतात : देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर मर्यादेबाहेर आहे.

‘झिरो’ सोडल्यावर काय होते?

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे प्रयोग इराणमधील स्त्रियांवर झाले. रोजच्या सवयीने डाएट पेये पिणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ६२ स्त्रियांना २४ आठवडे वजन कमी करण्याचा आहार दिला गेला. निम्म्या जणींनी दुपारच्या जेवणानंतरचे डाएट पेय चालू ठेवले, उरलेल्यांनी त्याऐवजी पाणी घेतले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाणी पिणाऱ्या गटाचे वजन सरासरी ८.८ किलोंनी उतरले, डाएट पेय पिणाऱ्यांचे ७.६ किलोंनी. दोन वर्षांनी असाच प्रयोग मधुमेह असलेल्या ८१ स्त्रियांवर झाला. तिथेही पाण्याच्या गटाचे वजन साधारण एक किलोने अधिक घटले आणि इन्शुलिनला शरीर देत असलेला प्रतिसादही जास्त सुधारला.

हा फरक खरा आहे, पण तो एका किलोचा आहे. उरलेले वजन दोन्ही गटांत आहारामुळेच उतरले. ‘झिरो सोडा आणि मधुमेह पळवा’ असे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे दावे या आकड्यांसमोर टिकत नाहीत.

शिवाय उलटा निष्कर्ष देणारे प्रयोगही आहेत. अमेरिकेत ३०३ जणांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात डाएट पेयांच्या गटाचे वजन सुमारे सहा किलोंनी घटले, पाण्याच्या गटाचे सुमारे चार किलोंनी. त्या प्रयोगाचा खर्च अमेरिकेतील शीतपेय उद्योगाच्या संघटनेने उचलला होता. एवढ्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण तो वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १७ प्रयोगांतील १,७३३ जणांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये जो आढावा घेतला गेला, तो दोन्ही टोकांच्या मधोमध उभा आहे. साखरेचे पेय सोडून डाएट पेय घेतले तर वजन साधारण एक किलोने घटते. डाएट पेय आणि पाणी यांच्यात मात्र ठळक फरक दिसत नाही.

मग कृत्रिम गोडीची पेये पिणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतो, अशा बातम्या येतात त्या कुठून? त्या वेगळ्या प्रकारच्या अभ्यासांतून येतात. त्यांत कोणाला काही प्यायला दिले जात नाही. हजारो लोकांच्या सवयी नोंदवून वर्षानुवर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले जाते. फ्रान्समधील एक लाखाहून अधिक लोकांच्या अशाच पाहणीत २०२२ मध्ये कृत्रिम गोडव्यांचा संबंध हृदयविकाराशी जोडला गेला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये युरोपातील पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत ब्रिटनमधील सुमारे सव्वा लाख लोकांची माहिती मांडली गेली. रोज साधारण एका कॅनहून अधिक डाएट पेय पिणाऱ्यांत यकृतावर चरबी साचण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता, साखरेची पेये पिणाऱ्यांत सुमारे ५० टक्क्यांनी. डाएट पेयाच्या जागी पाणी आले तर धोका १५.२ टक्क्यांनी कमी दिसला, साखरेच्या पेयाच्या जागी आले तर १२.८ टक्क्यांनी. एक पेय सोडून दुसरे धरले, तर काहीच फायदा दिसला नाही.

या आकड्यांनी दचकण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ज्यांच्या हातात छत्री असते ते जास्त भिजतात, पण छत्रीने पाऊस आणलेला नसतो. वजन वाढू लागले, घरात कोणाला मधुमेह निघाला, डॉक्टरांनी दटावले, की माणूस नेहमीचे कोल्ड्रिंक सोडून ‘झिरो’कडे वळतो. म्हणजे आजाराची चाहूल आधी आणि बाटली नंतर, असेही असू शकते. संशोधक वय, वजन, व्यायाम यांचा हिशेब करून हा गोंधळ कमी करतात. पुरता काढू शकत नाहीत.

शरीरात नेमके काय घडत असावे?

जिभेवर गोडी ओळखणारे जे संवेदक असतात, तसेच आतड्यातही असतात. गोड लागले पण साखर आलीच नाही, तर शरीराचा अंदाज चुकत असावा, हा एक तर्क. दुसरा तर्क आतड्यातील जिवाणूंचा. इस्रायलमधील वाइझमन संस्थेने १२० निरोगी प्रौढांना दोन आठवडे वेगवेगळे गोडवे दिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांत ग्लुकोज घेतल्यानंतरची रक्तशर्करा बिघडली. अ‍ॅस्पार्टेम आणि स्टीव्हियाने जिवाणूंत बदल झाले, पण साखरेवर परिणाम दिसला नाही. म्हणजे सगळ्या गोडव्यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. एकच गोडवा सगळ्या माणसांवर सारखा परिणाम करत नाही, हेही त्याच प्रयोगात दिसले.

शिरवळच्या टपरीशी सर्वांत जवळचे नाते सांगणारा प्रयोग अमेरिकेतील येल विद्यापीठाचा आहे. ४५ निरोगी प्रौढांना दोन आठवड्यांत सात वेळा पेय दिले गेले : काहींना नुसते सुक्रालोजचे, काहींना नुसत्या साखरेचे आणि काहींना सुक्रालोजसोबत बेचव पिष्टमय पदार्थ मिसळलेले. नुसत्या सुक्रालोजने काही बिघडले नाही. सुक्रालोज आणि पिष्ट एकत्र आले, तिथे मात्र इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला. प्रयोग छोटा आहे, त्यावर कायदा लिहिता येणार नाही. तरीही आपल्याकडे ‘झिरो’ प्यायले जाते ते नेमके कशासोबत, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. पावात मैदा, वड्यात बटाटा, वर बेसनाचे आवरण.

कर्करोगाचे काय?

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘कर्करोगास कारणीभूत असण्याची शक्यता’ या गटात टाकले. त्याच दिवशी अन्नातील मिश्रकांची तपासणी करणाऱ्या दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. पहिल्या बातमीने मथळे मिळवले, दुसरी फारशी कोणी वाचली नाही.

खरे महत्त्वाचे होते ते त्याआधी दोन महिने, मे २०२३ मध्ये, संघटनेने दिलेले मार्गदर्शन. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी किंवा मधुमेह, हृदयविकार टाळण्यासाठी साखरेऐवजी हे गोडवे वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. ही शिफारस सशर्त आहे आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. मधुमेह असलेल्यांविषयी भारतातलाच एक पुरावा हाताशी आहे. चेन्नईतील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने १७९ मधुमेहींच्या चहा-कॉफीत १२ आठवडे साखरेऐवजी सुक्रालोज दिले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए१सी चाचणीत दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. वजन आणि कंबर किंचित उतरली. नुकसान नाही, चमत्कारही नाही.

कर सारखा, अक्षर बारीक

२२ सप्टेंबर २०२५ पासून साखर किंवा कोणताही गोडवा मिसळलेल्या शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के कर आणि १२ टक्के अधिभार मिळून बोजा तेवढाच होता. म्हणजे सरकारच्या लेखी साखरेची बाटली आणि ‘झिरो’ची बाटली सारखीच. ‘झिरो’वर कर कमी करावा, ही उद्योगाची मागणी वरवर रास्त वाटते. पण ब्रिटनने २०१८ मध्ये फक्त साखरेवर आकार लावला, तेव्हा कंपन्यांनी साखर काढून त्या जागी कृत्रिम गोडवे घातले. जिभेची गोडाची सवय होती तिथेच राहिली. आपल्याकडे ‘झिरो’ला सवलत न देणे योग्यच आहे. बाटलीबंद पाण्यावरचा कर त्याच वेळी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे त्याहून योग्य.

शाळांच्या बाबतीत मात्र पळवाट उघडी आहे. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, म्हणजे कोणत्या पेयात किती साखर हे दाखवणारा फलक. ‘झिरो’ची बाटली त्या फलकावर शून्य मिरवून मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस लहान मुलांनाही लागू आहे, हे त्या फलकावर लिहायला हवे.

लेबल वाचायचे तर बाटली उलटी करून बारीक अक्षरांत काही आकडे शोधावे लागतात. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५० म्हणजे एसेसल्फेम पोटॅशियम, ९५५ सुक्रालोज, ९५४ सॅकरिन, ९६० स्टीव्हिया. काही पेयांत साखर आणि कृत्रिम गोडवा दोन्ही असतात, त्यामुळे समोर ‘लेस शुगर’ लिहिले असले तरी मागे पाहावे. ही माहिती समोर, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत छापायला कोणतेही तंत्रज्ञान आड येत नाही. आड येते ती फक्त इच्छा.

कमी करायचे, तर कसे?

दिवसाला दोन-तीन बाटल्यांची सवय असेल आणि ती कोलाची असेल, तर एकदम बंद केल्यावर काही दिवस डोके दुखते, चिडचिड होते. ते कॅफिन तुटल्यामुळे. गोडवा सोडल्यामुळे नव्हे. आठवड्याला एकेक बाटली कमी केली तर त्रास कमी होतो. रात्रपाळीत पहाटे घेतलेला कोला सकाळची झोप खातो आणि अपुरी झोप स्वतःच रक्तशर्करा बिघडवते. पाळ्यांत काम करणाऱ्यांना बाटली सोडल्याचा सर्वांत मोठा फायदा कदाचित इथेच मिळेल.

त्या जागी काय, याचे उत्तर महाग नाही. दहा रुपयांत अर्धा लिटर पाणी मिळते, माठातले त्याहून स्वस्त. बेताचे मीठ घातलेले ताक, साखरेविना लिंबूपाणी, कोकमाच्या आगळाचे पाणी हे चांगले पर्याय. कोकम सिरप हा नव्हे, त्यात साखरच जास्त असते. उसाचा रस तर नव्हेच. सातारा-सांगलीत हे लिहिणे जिवावर येणारे असले तरी. ‘झिरो’ सोडले आणि त्या जागी रसाचा ग्लास आला, तर हिशेब तोट्यातच जातो. साखरेच्या कोल्ड्रिंकवर परत जाणे हाही तोटाच. ज्यांना नेहमीच्या बाटलीवरून थेट पाण्यावर उतरता येत नाही, त्यांनी मधला टप्पा म्हणून काही महिने ‘झिरो’ घेतले तर बिघडत नाही. मुक्काम तिथेच पडला, की अडचण.

आणि चहा. दिवसभरात पाच कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे दहा चमचे किंवा ४० ते ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी आखलेली रोजची कमाल मर्यादा साधारण ५० ग्रॅमची आहे. दुपारी ‘झिरो’ पिऊन मिळवलेले समाधान संध्याकाळच्या तिसऱ्या चहापर्यंत संपलेले असते. टपरीवर ‘कमी साखर’ सांगण्याने जेवढे साधेल, तेवढे फ्रिजमधली बाटली बदलून साधणार नाही.

फरक पाहायचा असेल तर आठवड्याने वजन करून उपयोग नाही. सुरुवातीला बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून लिहून ठेवावी, तीन महिन्यांनी पुन्हा मोजावी. एचबीए१सी चाचणीही तीन महिन्यांनीच करण्यात अर्थ आहे. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासला जातो.

मधुमेही चालकांसाठी एक अपवाद

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर जेवण चुकले की एकाएकी खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घाटात स्टिअरिंग हाती असताना हे जिवावर बेतू शकते. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन लगेच तीन-चार चमचे साखर, ग्लुकोज किंवा नेहमीचे साखरेचे कोल्ड्रिंक घ्यायचे असते, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची आणि मग काहीतरी खायचे. क्लीनरने घाईत टपरीवरून काळ्या वेष्टनातली बाटली आणली, तर ती दिसायला तशीच, चवीला तशीच. पण अशा वेळी तिचा उपयोग पाण्यापेक्षा काडीचाही जास्त नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी असलेली बरी.